गाडी खाली घ्यायची, पण पाठ शाबूत ठेवायची

नवीन माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती इंच खाली घेऊ?" तो थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी एवढं तपासा की गाडी नुसती उभी असताना शॉकअॅब्सॉर्बरचा दांडा आत जायला अजून किती मिलिमीटर शिल्लक आहेत. आरामाचं सगळं गणित त्या शिल्लक मिलिमीटरांत आहे.

दांड्यावर फोमसारखा एक रबरी ठोकळा ओवलेला असतो. तो बंप स्टॉप. खड्ड्यात चाक वर आलं आणि स्प्रिंगला ते पुरतं पेललं नाही, तर शेवटचा धक्का हा ठोकळा खातो. समजा त्याच्यापर्यंत ६० मिमी जागा होती आणि तुम्ही गाडी ४० मिमी खाली घेतली. उरले २०. मग प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक रंबलरवर गाडी त्या ठोकळ्यावर आपटणार, आणि तुम्ही मित्रांना सांगत फिरणार की "स्प्रिंग फार कडक निघाल्या." स्प्रिंगचा त्यात दोष थोडा असतो.

तो किती थोडा असतो हे आकड्यांत बघा. पुढच्या एका कोपऱ्यावर ३५० किलो भार आहे आणि चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा ताठपणा मिलिमीटरला २५ न्यूटन आहे असं धरलं, तर गाडी सेकंदाला साधारण १.३५ वेळा डुलते. स्प्रिंग २० टक्के कडक केली तर हा आकडा १.४७ होतो. म्हणजे वाढ दहा टक्क्यांच्या आतबाहेर. आरामशीर गाड्या साधारण १ ते १.५ च्या पट्ट्यात असतात, त्यामुळे आपण अजूनही सोफ्यावरच आहोत. आराम जातो तो ठोकळ्यावर आपटल्यामुळे आणि स्प्रिंगशी न जुळणाऱ्या शॉकमुळे.

उदाहरणासाठी बीएमडब्ल्यूची एफ ३० पिढीची ३ सीरीज घेतो. ही भारतात २०१२ ते २०१९ विकली गेली आणि आज सेकंडहँड बाजारात पुण्या-मुंबईत सहज मिळते. पुढे स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकत्र. मागे पाच लिंकांचं सस्पेन्शन, त्यात स्प्रिंग वेगळी आणि शॉक वेगळा. तुमच्याकडे मर्सिडीजची सी-क्लास किंवा ऑडीची ए४ असली तरी पायऱ्या याच, फक्त बोल्ट वेगळ्या जागी.

कामाला हात लावण्याआधी कायदा

हे कंटाळवाणं आहे, पण आधी वाचा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. "चालतं हो साहेब, कोण बघतंय" म्हणणाऱ्या दुकानदाराकडे हेच वाक्य लेखी मागून बघा. आरटीओत विचारून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअरने लाल रंगाच्या स्प्रिंग शोधून काढण्यापेक्षा ते बरं. वॉरंटी चालू असेल, तर सस्पेन्शनचा कुठलाही दावा अडकणार हे धरूनच चाला.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींचं काम सरळ आहे. तिथे नामांकित स्प्रिंगसोबत तपासणीचा कागद येतो, बसवल्यावर गाडी दाखवून तो बदल गाडीच्या कागदपत्रांत नोंदवून घेता येतो. कागद नसलेला माल तिथे घेऊच नका.

पायरी पहिली: तुमच्या रस्त्यावर किती मिलिमीटर परवडतात

कॅटलॉग उघडण्याआधी हे करा. प्लंबिंगच्या दुकानात पाइपावर चढवायचा काळा फोम मिळतो. जेवढी गाडी खाली घ्यायची मनात आहे, तेवढ्या जाडीचे तुकडे कापा. एक बंपरच्या खालच्या कडेला आणि दोन पोटाखाली, पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध, मजबूत टेपने चिकटवा. सायलेन्सरच्या पाइपापासून लांब ठेवा, तो तापतो. मग आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा: सोसायटीचा बेसमेंटचा उतार, ऑफिसच्या गेटवरचा गतिरोधक, एकदा सासूरवाडीची फेरी, आणि एकदा चार माणसं व सामान भरून. तुकडे काढून बघा. नुसते मळले असतील तर ठीक. फाटले असतील तर कुठला फाटला ते बघा, कारण उद्या तिथेच पत्रा घासणार आहे.

गतिरोधकाचं थोडं सांगतो. इंडियन रोड्स काँग्रेसचा प्रमाणित गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असतो. ताशी २५ किलोमीटरने ओलांडायचा. एफ ३० च्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.८१ मीटर. म्हणजे पुढची-मागची चाकं एकाच वेळी त्या गोलाईवर असतात आणि पोटाखालची जागा जेमतेम सहा सेंटिमीटर कमी होते. असा गतिरोधक असता तर अर्धं गाव लोअर केलेल्या गाड्या फिरवत बसलं असतं. आपल्याकडे गल्लीत रात्रीतून जो उभा राहतो तो अरुंद आणि ताठ असतो, त्याची पूर्ण उंची गाडीच्या पोटाखाली येते. म्हणून कागदावरचा ग्राउंड क्लिअरन्स विसरा, फोमचं ऐका.

माझं मत विचाराल तर आपल्या रस्त्यांवर २० ते २५ मिमी ही शहाण्या माणसाची मर्यादा. बीएमडब्ल्यूने स्वतः या गाडीला एम स्पोर्ट सस्पेन्शन दिलं तेव्हा ती फक्त १० मिमी खाली घेतली होती, आणि त्यांच्याकडे म्युनिकचे रस्ते आहेत.

एक मेख लक्षात ठेवा. भारतात विकताना बऱ्याच जर्मन गाड्या थोड्या उंच करून दिल्या जातात. स्प्रिंगच्या डब्यावर "३० मिमी" लिहिलेलं असतं ते युरोपातल्या उंचीपासून. तुमची गाडी मुळात १५ मिमी उंच असेल, तर तीच स्प्रिंग तुम्हाला ४५ मिमी खाली नेईल. यासाठी उंची मोजा: चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत, चारही कोपऱ्यांवर. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा आणि झीज त्यात घोळ घालते. हे चार आकडे डायरीत लिहून ठेवा, पुढे लागतील.

पायरी दुसरी: आधी जुनं दुखणं काढा

साठ-सत्तर हजार किलोमीटर आपल्या रस्त्यांवर पळालेली गाडी "मुळातच हार्ड आहे" असं वाटतं, तेव्हा बहुतेक वेळा ती थकलेली असते. चाकाला गाडीशी जोडणाऱ्या पुढच्या आर्मपैकी तिरक्या आर्मच्या बुशमध्ये, म्हणजे सांध्यातल्या रबरात, तेल भरलेलं असतं. ती फुटली की भोवती काळपट ओला डाग दिसतो आणि ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडचा टकटक आवाज, स्ट्रटच्या वरच्या माउंटचा कुरकुरणारा रबर, शॉकवरचा तेलाचा ओघळ, हे सगळं लिफ्टवर पाहून घ्या. हे भाग बदलूनच अनेकांना हवा तो आराम मिळतो आणि लोअर करायची हौस निम्मी होते. ज्यांची तरीही होत नाही त्यांनी पुढे वाचावं.

टायरचं इथेच उरकतो. या गाडीवर मूळ टायर बहुतेक रनफ्लॅट असतात. हवा गेली तरी चालता यावं म्हणून त्यांच्या भिंती कडक असतात आणि ती कडकी थेट तुमच्या मणक्यात येते. त्याच मापाचे, त्याच भारक्षमतेचे साधे टायर घातले तर जो फरक पडतो तो महागड्या शॉकनेही कधीकधी पडत नाही. मात्र गाडीत स्टेपनी नाही हे विसरू नका. पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप डिकीत हवाच.

मोठ्या चाकांचा मोहही आवरा. २२५/५० आर १७ टायरची भिंत ११२ मिमी, २२५/४५ आर १८ ची १०१ आणि २२५/४० आर १९ ची फक्त ९०. बाहेरचा व्यास तिन्हींचा जवळजवळ सारखाच. गाडी खाली घेऊन वर १९ इंची चाकं घातलीत, तर खड्डा गिळणारी जागा तुम्ही दोन्हीकडून कापलीत. १८ वर थांबा.

पायरी तिसरी: काय विकत घ्यायचं

सुरुवात काय घेऊ नये इथून. स्प्रिंग कापून देणारा गॅरेजवाला दर दोन चौकांत भेटतो, गॅसवर तापवून बसवणाराही भेटतो. कापलेल्या स्प्रिंगचं टोक खोबणीत नीट बसत नाही, शॉक पूर्ण उघडला की ती सैल होऊन सरकते. तापवलेल्या स्प्रिंगच्या पोलादाचं पाणी उतरतं. दोन्हींत बंप स्टॉपपर्यंतची जागा मात्र तितकीच कमी होते. फुकट करून दिलं तरी नको.

नुसत्या लोअरिंग स्प्रिंग जुन्या शॉकवर घालणं हा दुसरा लोकप्रिय मार्ग. शॉक नवा असेल आणि फरक २० मिमीच्या आत असेल तर निभावतं. जुना असेल तर कडक स्प्रिंगची उसळी तो आवरू शकत नाही आणि गाडी होडीसारखी हेलकावते. पैसे कमी असतील तर आधी शॉक घ्या, स्प्रिंग पुढच्या दिवाळीला.

बरोबर जोडी म्हणजे कमी लांबीच्या दांड्याचा शॉक आणि त्यासाठीच केलेली स्प्रिंग. बिलस्टीनचे आकडे नवख्याला गोंधळात टाकतात, म्हणून सांगतो: बी४ म्हणजे मूळ शॉकची बदली, बी६ मूळ लांबीचाच पण ताकदीचा, बी८ लोअर केलेल्या गाडीसाठी आखूड, आणि बी१२ म्हणजे बी८ सोबत आयबाखच्या स्प्रिंग एका डब्यात. बी६ आणि लोअरिंग स्प्रिंग अशी मिसळ करू नका. आरामालाच पहिला मान द्यायचा असेल तर कोनीचे स्पेशल अॅक्टिव्ह बघा. बारीक, जलद धक्क्यांना ते आपोआप मऊ होतात आणि गाडी कलताना घट्ट राहतात. खडबडीत काँक्रीटवर त्यांचा फायदा लगेच कळतो.

कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारी शॉक-स्प्रिंगची जोडी, म्हटलं की लोकांना ट्रॅकवरच्या गाड्या आठवतात, पण केडब्ल्यूचं स्ट्रीट कम्फर्ट हे नावाप्रमाणे आरामासाठीच केलेलं आहे. उंची आटे फिरवून ठरवता येते, हा आपल्याकडे खरा फायदा: पावसाळ्यात १० मिमी वर, दिवाळीनंतर खाली. प्रत्येक बदलानंतर अलाइनमेंट तपासायचा खर्च तेवढा धरा. आणि खालची रिंग फिरवून स्प्रिंग जास्त "दाबली" की ती कडक होते हा गैरसमज सोडा. गाडीचं वजन तेवढंच असतं, त्यामुळे साधी सरळ स्प्रिंग तेवढीच दबते. बदलते ती फक्त उंची.

चारही कोपऱ्यांचा संच एकाच कंपनीचा, एकाच गाडीसाठी बनवलेला घ्या. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेल्या मॉरिस ओली या इंजिनिअरने १९३० च्या दशकातच दाखवलं होतं की मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित जलद डुलली तर उंचवटा ओलांडल्यावर गाडी पुढे-मागे झुलत राहत नाही, सपाट बसते. पुढे एक ब्रँड, मागे ऑनलाइन सेलमधला दुसरा, असं केलंत की हा मेळ गेलाच. मागच्या सीटवरच्या माणसाला तो आधी कळतो.

गाडीत इलेक्ट्रॉनिक शॉक असतील तर साधे शॉक घातल्यावर डॅशबोर्डवर इशारा पेटतो. तो बंद करायला कोडिंग किंवा वेगळं मॉड्यूल लागतं. अशा गाडीत मूळ शॉक ठेवून सौम्य स्प्रिंग घालणं मला जास्त पटतं.

एअर सस्पेन्शनवाल्यांसाठी (स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे) थोडक्यात: मर्सिडीजच्या एअरमॅटिकसारख्या यंत्रणेत उंची मोजणाऱ्या सेन्सरची छोटी लिंक बदलून गाडी खाली बसवता येते. सोपं आणि स्वस्त आहे, म्हणूनच लोक अति करतात. फुग्यातही प्रवास मोजकाच असतो. १५-२० मिमीवर थांबा, आणि गाडी उंच करायचं मूळ बटण काम करत राहील असंच मॉड्यूल घ्या. गल्लीतल्या गतिरोधकासाठी त्यासारखं सुख नाही.

पायरी चौथी: बसवताना समोर उभे राहा

स्प्रिंग दाबून धरणारं यंत्र निसटलं तर जीव जाऊ शकतो, त्यामुळे पुढचा स्ट्रट घरी पार्किंगमध्ये उघडू नका. गॅरेजमध्ये द्या, पण तिथे उभे राहा आणि या गोष्टी बघा.

सुरुवातीलाच हेडलाइटच्या उंचीचा सेन्सर आणि त्याची प्लास्टिकची लिंक सुटी केली का? आर्म खाली सोडला की ती पहिली तुटते. एबीएसची वायर आणि ब्रेकचा होज क्लिपांतून काढला का? नव्या शॉकसोबत नवा बंप स्टॉप, नवा धूळरोधक आणि जुना दिसत असेल तर वरचा माउंटही बदला. हे सगळं त्याच मजुरीत होतं. दांड्यावरचा नट एअर गनने फिरवू देऊ नका, दांडा आत गरगरतो आणि सील खराब होतं. स्प्रिंगचं टोक खोबणीला टेकलंय हे बोटाने चाचपून बघा. कंपनीने एकदाच वापरायचे म्हटलेले नट-बोल्ट नवेच लावा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि नव्वद टक्के गॅरेजमध्ये हीच चुकते असं मी बेधडक म्हणेन. आर्मच्या बुशमधलं रबर आतल्या-बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटवलेलं असतं. ते फिरत नाही, पिळवटतं. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना आर्मचे बोल्ट आवळले तर रबर त्या लोंबत्या स्थितीत पक्कं होतं. गाडी खाली उतरली की प्रत्येक बुश कायमची पिळलेली. ती स्वतःच एक जादा स्प्रिंग होऊन बसते: गाडी कडक लागते, ठरवलेल्या उंचीवर बसत नाही आणि काही महिन्यांत रबर फाटतं. लोक शॉकला शिव्या देतात.

उपाय सोपा आहे. बोल्ट हातानेच लावून सैल सोडायचे. मग जॅक हबखाली (चाक ज्यावर बसतं तो भाग) लावून चाकाचा मध्यबिंदू ते फेंडर हे अंतर तुमच्या डायरीतल्या आकड्यातून ठरवलेला फरक वजा करून येईल तितकं करायचं, आणि त्या स्थितीत टॉर्क पान्याने कंपनीने दिलेल्या टॉर्कवर आवळायचं. हे करताना गाडी लिफ्टवरून उचलली जात नाही ना, तेवढं पाहायचं. चाकांवर उभी राहणारी लिफ्ट असेल तर आणखी बरं. मेकॅनिक "अहो काही फरक पडत नाही" म्हणेल. चहा पाजा, पण आवळून असंच घ्या.

एका मागच्या शॉकच्या दांड्यावर, धूळरोधक वर सरकवून, एक छोटी केबल टाय अडकवून घ्या. ती पुढे कामाला येईल.

पायरी पाचवी: अलाइनमेंट आणि दिवे

स्प्रिंग पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडी बसते. म्हणून त्याच दिवशी टो (वरून पाहताना चाकं आत-बाहेर वळलेली असणं) सरळ करून घ्या, नाहीतर टायरची आतली कड खाल्ली जाईल, आणि गाडी बसल्यावर पूर्ण अलाइनमेंट करा. एफ ३० मध्ये मागचा कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचं झुकणं) आणि टो दोन्ही जुळवता येतात, पुढचा कॅम्बर मात्र फारसा हलत नाही. गाडी फार खाली घेऊ नये याचं हेही एक कारण. दुसरं कारण: पुढचा खालचा आर्म बाहेरच्या टोकाला वर चढू लागला की वळणावर गाडी उलट जास्त कलते. बघायला स्पोर्टी, खंबाटकीच्या वळणावर लोळण.

हेडलाइटचा सेन्सर नव्या उंचीवर शून्यावर आणून घ्या. नाही तर दिवे एकतर पायाजवळ पडतील किंवा समोरच्याच्या डोळ्यांत. नव्या गाड्यांत काचेमागचा कॅमेरा असेल तर त्याचंही कॅलिब्रेशन विचारून घ्या.

पायरी सहावी: चालवून बघा, केबल टाय वाचा

नेहमीचा खराब रस्ता, नेहमीचा वेग, दोन माणसं. परत येऊन ती केबल टाय दांड्यावर कुठे सरकली आहे ते बघा. बंप स्टॉपला भिडली नसेल तर उत्तम. शेवटच्या एखाद्या मोठ्या खड्ड्यात टेकली असेल तरी चालतं, तो ठोकळा त्यासाठीच आहे. पण साध्या रस्त्यावरही रोज भिडत असेल तर अजून कडक स्प्रिंग शोधू नका. कॉइलओव्हर असेल तर ५-१० मिमी वर घ्या, नसेल तर कमी उतरणारी स्प्रिंग घ्या.

शॉकला रिबाउंडची, म्हणजे दबलेला शॉक परत उघडताना होणारा अडसर कमी-जास्त करणारी, खुंटी असेल तर कंपनीने सांगितलेल्या मधल्या जागेपासून सुरू करा, एका वेळी एकाच टोकाला एक-दोन क्लिक. टोलनाक्याआधीचे रंबलर ही सर्वांत चांगली परीक्षा. पहिल्या दोन पट्ट्या छान गेल्या आणि पुढच्या दणादण लागायला लागल्या, तर रिबाउंड जास्त आहे. दोन पट्ट्यांच्या मध्ये शॉकला परत उघडायला वेळ मिळत नाही आणि गाडी टप्प्याटप्प्याने खाली दबत जाते. सैल करा. उलट, उंचवट्यानंतर गाडी दोन-तीनदा हेलकावत असेल तर घट्ट करा.

काढलेल्या मूळ स्प्रिंग भंगारात घालू नका. बीएमडब्ल्यू प्रत्येक गाडीतल्या सामानाच्या वजनानुसार वेगळ्या स्प्रिंग निवडते, त्यामुळे मित्राच्या ३२०डी च्या स्प्रिंग तुमच्या गाडीला जुळतीलच असं नाही. पुढची डावी, पुढची उजवी असं मार्करने लिहा, जुन्या चादरीत गुंडाळा आणि माळ्यावर टाका. गाडी विकताना किंवा आरटीओने अडवलं तर त्याच लागतील.